आयते साधन आणि निवडलेले साधन : निरोपाच्या माध्यमांची एक चिकित्सा

१

मराठीत 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचविणे हा पहिला, आणि जाणाऱ्याची पाठवणी करणे हा दुसरा. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच घटना आहे. जे आपल्या स्वाधीन होते ते आपल्या हातून सुटते आणि वाटेत कोणा तिसऱ्याच्या हाती जाते. यास्तव निरोपाचा विचार करताना लिहिणारा व वाचणारा या दोघांचाच विचार करून भागत नाही. तो नेणारा कोण, याचाही विचार करावा लागतो.

स्मार्टफोनच्या काळात हा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला आहे. नवा फोन हाती येतो तेव्हा त्यात संदेश पाठविण्याचे एक साधन आधीच बसविलेले असते. त्याखेरीज दुसरी साधने मालकाला स्वतः शोधून बसवून घेता येतात. पहिल्या प्रकाराला व्यवहारात 'डीफॉल्ट' म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यासाठी 'आयते' हा जुना मराठी शब्द योजिला आहे. आयते म्हणजे विनासायास लाभलेले. या शब्दात सोयीची कबुली आहे आणि किंचित सावधगिरीची सूचनाही आहे, कारण जे आयते मिळते ते कोणाच्या तरी हिशेबाने आधी मांडून ठेवलेले असते. दुसऱ्या प्रकाराला 'निवडलेले' असे म्हटले आहे. या दोहोंतील निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न मानला जातो. तो तसा आहे काय, आणि मराठी लेखनाच्या दृष्टीने त्यात काय गुंतले आहे, हे तपासणे हा या विवेचनाचा हेतू होय.

२

या तपासणीचा आरंभ नाशिकपासून करणे सयुक्तिक ठरेल. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. हिंदुस्थानची टपालतिकिटे त्या काळी लंडनला छापली जात. १९२५ साली नाशिक रोड येथे सरकारी छापखाना उभा राहिला आणि पुढील वर्षापासून तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. २ ऑक्टोबर १९५० रोजी आंतर्देशीय पत्र आले. तिकिटे, कार्डे, आंतर्देशीय पत्रे व लखोटे हा माल नाशिक रोडच्या छापखान्यातून देशभर गेला. म्हणजे विसाव्या शतकातील भारतीय माणसाच्या निरोपाचे जे आयते साधन होते, त्याचे एक मोठे उगमस्थान हेच गाव होते.

त्या व्यवस्थेतही निवड होती. खुशाली कळवावयाची तर कार्ड पुरे. घरातील नाजूक बाब असेल तर बंद लखोटा. घाई असेल तर तार. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकेल हे लिहिणाऱ्यास ठाऊक असे, आणि त्या जाणिवेने तो मजकूर बेताने लिही. दुःखद वार्तेचे कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकण्याची रीत घरोघरी होती. साधनाची निवड हा मजकुराचाच एक भाग असे. तार दिसताच घरातील माणसे धास्तावत, ती तिच्यातील शब्द वाचण्यापूर्वीच.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. कार्डाऐवजी लखोटा निवडण्यासाठी पत्र घेणाऱ्याची संमती लागत नसे. ज्याने जन्मात लखोटा विकत घेतला नाही त्यालाही लखोटा पोचत असे. १८७४ साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला व १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. त्यानंतर नाशकात टाकलेले पत्र परदेशातील टपालखाते पोचवू लागले, आणि पाठविणाऱ्याने त्या देशाच्या टपालखात्याचे गिऱ्हाईक होण्याची आवश्यकता उरली नाही. साधने अनेक, पण मार्ग एक, असे त्या व्यवस्थेचे स्वरूप होते.

३

फोनवरील संदेशाचे पहिले आयते साधन म्हणजे एसएमएस. असा पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेला. त्याचे परिमाण मात्र त्यापूर्वीच ठरले होते. फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने १९८५ च्या सुमारास काही वाक्ये टंकलिखित करून त्यांतील अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसली. पोस्टकार्डांवरील मजकूर बहुधा दीडशे अक्षरांहून कमी असतो, हा आधारही त्याने घेतला. अशा रीतीने फोनवरील संदेशाची लांबी पोस्टकार्डाच्या मापाने बेतली गेली. पण ती कार्डे युरोपातील होती आणि अक्षरे रोमन होती.

याचा मराठीवर झालेला परिणाम साध्या अंकगणिताने स्पष्ट होतो. एका संदेशाला १४० अष्टके, म्हणजे ११२० बिट, इतकी जागा मिळते. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोडची सोळा बिटांची चिन्हे सामान्यतः वापरावी लागतात, म्हणून ७० चिन्हे बसतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्तचिन्ह ही प्रत्येकी स्वतंत्र धरली जातात. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाच अक्षरांचा आहे; यंत्राच्या हिशेबी त्यात तेरा चिन्हे आहेत. तोच शब्द रोमन लिपीत चौदा अक्षरांचा होतो, परंतु त्याला देवनागरीच्या निम्म्याहून कमी जागा लागते.

एक सामान्य निरोप घेऊ : 'उद्या सकाळच्या गाडीने निघतो, नाशिक रोडला घ्यायला यावे. सामान फार आहे.' या मजकुरात मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून ६९ चिन्हे भरतात. उरते ती एका चिन्हाची जागा. 'कळावे, लोभ असावा' एवढे लिहावयाचे तर दुसऱ्या संदेशाचा खर्च करावा लागे. हाच निरोप रोमन लिपीत लिहिला तर ७२ अक्षरांत संपतो आणि निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते. संदेशागणिक पैसे पडत होते त्या काळी मराठी माणसाने मराठी रोमन अक्षरांत लिहिली, तिच्यातील स्वर गाळले आणि मायना व समाप्ती सोडून दिली. प्रारंभीच्या अनेक फोनांत देवनागरी कळफलक नव्हता, हेही त्यास कारण झाले. या लेखनाकडे पाहून तरुण पिढीच्या भाषाप्रेमाविषयी पुष्कळ खेद व्यक्त झाला. तो खेद अस्थानी होता असे म्हणवत नाही. पण कारणाचा शोध न घेता केलेला दोषारोप टीकेच्या पदवीस पोचत नाही. त्या लेखकांची निवड हिशेबाला धरून होती. तो हिशेब मात्र त्यांनी मांडलेला नव्हता.

पुढे जे घडले ते अधिक विचारणीय आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना ७० चिन्हांची मर्यादा राहिली नाही आणि देवनागरी कळफलकही सर्वत्र उपलब्ध झाले. तरीही रोमन मराठी गेली नाही. कारण संपले आणि सवय उरली. आयते साधन नाहीसे झाले तरी त्याने लावलेले वळण मागे राहते, हा या उदाहरणाचा निष्कर्ष होय.

४

'आपण दुसरे ॲप वापरतो' या वाक्यात दोन भिन्न गोष्टींचा गोंधळ होतो. तो दूर केल्याशिवाय निवडीची चर्चा निष्फळ ठरेल.

पहिली गोष्ट खिडकी बदलण्याची. फोनमध्ये आयते आलेले एसएमएसचे ॲप काढून त्याच कामाचे दुसरे ॲप नेमता येते. अँड्रॉइडच्या २०१३ सालच्या ४.४ या आवृत्तीपासून असे एकच ॲप एका वेळी नेमावे लागते, आणि संदेशांच्या साठ्यात लिहिण्याचा अधिकार त्या एकालाच मिळतो. आयफोनमध्ये २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या १८.२ या आवृत्तीने संदेशासाठी कोणते ॲप उघडावे हे ठरविण्याची मुभा दिली. एसएमएसची ने-आण मात्र मूळच्याच ॲपकडे राहिली. या बदलाने संदेश पाहण्याची जागा बदलते. संदेश जातो तो मोबाइल कंपनीच्याच मार्गाने, आणि कंपनीला वाचता येईल अशाच रूपाने. उलट, बँकेकडून येणारे एकवारचे संकेतांक याच मार्गाने येत असल्यामुळे अनोळखी ॲप नेमणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

दुसरी गोष्ट रस्ता बदलण्याची. व्हॉट्सॲप (२००९), टेलिग्राम (२०१३), सिग्नल (२०१४) ही साधने मोबाइल कंपनीचा संदेशमार्ग सोडून स्वतःच्या मार्गाने निरोप नेतात. येथे निवड खरी होते. परंतु टपालाहून एक मोठा भेद येथेच उत्पन्न होतो. हे मार्ग सामान्यतः एकमेकांस मिळत नाहीत. सिग्नलवरून व्हॉट्सॲपवरच्या माणसाला निरोप धाडता येत नाही. लखोटा निवडण्यास घेणाऱ्याची संमती लागत नव्हती. येथे ती लागते. ज्याचे सगळे गणगोत एका साधनावर आहे त्याने एकट्याने दुसरे निवडणे म्हणजे रिकाम्या चावडीत बसणे होय.

यावरून असे दिसते की 'आयते' या कल्पनेचा अर्थ मधल्या काळात पालटला आहे. व्हॉट्सॲप हे मुळात निवडलेले साधन होते. एसएमएसच्या खर्चाला कंटाळून लोकांनी ते पत्करले. आज द्राक्षबागाईतदारांच्या गटांत, शाळेच्या पालकांत, सोसायटीच्या सभासदांत आणि लग्नघरात तेच गृहीत धरले जाते. फोन बनविणाऱ्याने ते आयते दिलेले नाही. समाजाने ते आयते केले आहे. यंत्रातील नेमणूक चार ठिकाणी बोट टेकवून बदलता येते; समाजातील नेमणूक तशी बदलत नाही.

५

या निवडीसंबंधी तीन मते सामान्यतः मांडली जातात.

पहिले मत सोयीचे. जेथे सगळे आहेत तेथे असावे, अधिक विचार करू नये, असे ते सांगते. या मताचे बळ उघड आहे; निरोपाचे पहिले कर्तव्य पोचणे हेच होय. पण सोय ही आजची असते आणि अटी उद्या बदलतात. फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४ साली विकत घेतले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या माहितीविषयक धोरणाच्या नव्या अटी वापरणाऱ्यांपुढे आल्या, त्या मान्य करा अथवा साधन सोडा अशा स्वरूपात. भारतीय स्पर्धा आयोगाने याच प्रकरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अटी जाहीर झाल्या त्या जानेवारीत लोकांची धाव सिग्नलकडे इतकी वळली की त्याची सेवा काही काळ बंद पडली. पण बहुतेकांचा व्यवहार व्हॉट्सॲपवरच चालू राहिला, कारण गेलेल्या माणसाबरोबर त्याचे नातेवाईक गेले नव्हते. सोयीचे मत ज्याला स्वेच्छा म्हणते त्यात नाइलाजाचा वाटा किती, हे या घटनेने दाखविले.

दुसरे मत स्वदेशीचे. परदेशी कंपनीच्या हाती देशातील निरोप असू नयेत, हा त्याचा आशय आहे. ही भावना आदरणीय आहे. स्वदेशीचे आवाहन नाशिकला काही नवे नाही. तथापि साधनाचा जन्म कोठे झाला यावरून त्याची वर्तणूक ठरत नाही. 'हाइक' हे भारतीय साधन २०१२ च्या अखेरीस निघाले आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. झोहो कंपनीचे 'अरट्टै' २०२१ साली आले. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ गप्पा असा आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात स्वदेशीच्या आवाहनाबरोबर त्याच्याकडे अकस्मात मोठा लोंढा लोटला. त्या वेळी त्यातील बोलण्याच्या सोयीला टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन होते, पण लिखित संदेशांना ते नव्हते. लोकांनी त्याविषयी विचारणा केली, हे सुचिन्ह मानावे लागेल. स्वदेशी खादीचीही वीण पाहूनच ती घ्यावी लागते.

तिसरे मत गुप्ततेचे. जे साधन निरोप सर्वांत सुरक्षित नेते तेच वापरावे, असा त्याचा आग्रह आहे. तिन्ही मतांत हे अधिक विचारपूर्वक बनलेले आहे. पण 'सुरक्षित' या शब्दाचे पुरते पृथक्करण त्यातही होत नाही. ते पुढे करण्याचा प्रयत्न केला आहे.

६

नाशिकजवळील आनंदवल्लीशी राघोबादादा व आनंदीबाई यांचे नाव जोडलेले आहे, आणि त्या नावांशी 'ध चा मा' ही आख्यायिका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. आज्ञापत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करण्यात आले, असे लोकपरंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा सिद्ध झालेली नाही. पण लोकमनाने ती दोन शतकांहून अधिक काळ जपली, यात निरोपाविषयीची एक मूलभूत भीती दिसते. निरोप कोणी चोरून वाचील ही भीती वेगळी आणि तो कोणी बदलील ही वेगळी. पहिलीचा संबंध गोपनीयतेशी, दुसरीचा अखंडतेशी. जुन्या दफ्तरातील पत्रे 'लेखनसीमा', 'मोर्तब सुद' अशा शब्दांनी व शिक्क्यांनी संपविली जात, ती मागाहून ओळ घुसडता येऊ नये म्हणून. ती अखंडतेची व्यवस्था होती.

आधुनिक कूटलेखन ही दोन्ही कामे एकदम करते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्व संदेशांना ते लागू केले, आणि त्यासाठी सिग्नलचीच पद्धत स्वीकारली. म्हणून मजकुरापुरते पाहिले तर ही दोन साधने जवळजवळ समान आहेत. भेद आहे तो लखोट्याच्या बाहेरच्या माहितीत. कोणी कोणास केव्हा लिहिले, याची सिग्नल अत्यंत थोडी नोंद ठेवते. व्हॉट्सॲपच्या मालकाचा धंदाच अशा माहितीवर चालतो. टेलिग्रामची कीर्ती गुप्ततेची असली तरी त्यातील साध्या संभाषणाला टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन नाही. त्यासाठी 'गुप्त संभाषण' स्वतः निवडून सुरू करावे लागते. व्हॉट्सॲपमध्येही संदेशांची जी प्रत मेघसाठ्यात ठेवली जाते तिला कूटलेखनाचे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, परंतु ती वापरणाऱ्याने मुद्दाम चालू करावी लागते.

तेव्हा निवड एकदा ॲप घेताना होऊन संपत नाही. प्रत्येक ॲपच्या आत पुन्हा काही आयते आणि काही निवडावयाचे असते. ज्याने साधन विचारपूर्वक निवडले, पण त्यातील आयत्या मांडणीकडे पाहिले नाही, त्याने अर्धीच निवड केली असे म्हटले पाहिजे.

७

मराठीच्या अभ्यासकाला याहून जवळचा असा एक प्रश्न उरतो, तो जतनाचा. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तो पानिपतच्या आगेमागच्या काळातील पत्रांचा होता. ती पत्रे लिहिणाऱ्यांनी इतिहासासाठी लिहिली नव्हती. ती कोणाच्या तरी दफ्तरात राहिली, एवढेच. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेले लेख पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले; त्यांवरून कितीतरी घराण्यांची वंशावळ जुळविता येते. मराठीचे गद्य, तिचे मायने, तिची बोलीरूपे यांचा पुष्कळसा पुरावा अशा न जपता जपलेल्या कागदांत आहे.

आजचा निरोप कोठे राहतो? फोन हरवला, क्रमांक बदलला, कंपनीने दुकान मिटले, की वर्षांचा पत्रव्यवहार जातो. हाइक बंद झाले तेव्हा त्यावरचा पत्रव्यवहार राखावयाचा तर तो ज्याच्या त्याला वेळेत उतरवून घ्यावा लागला. नोव्हेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपमध्ये ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाणारे संदेशही आले. येथे गुप्ततेच्या मताची मर्यादा उघड होते. जे आज कोणाच्याही हाती लागू नये, ते उद्या नातवाच्याही हाती लागणार नाही. उलट जतनाचा आग्रह धरणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की पुसले जाण्याचा हक्क हा दुर्बलाचा मोठा आधार असतो; सर्व काही टिकलेच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार संशोधकाला नाही. दुःखद वार्तेचे कार्ड फाडणाऱ्या घरांना हे न शिकविता कळत होते. कोणते फाडावे आणि कोणते गाठोड्यात ठेवावे, हे त्या घरात ठरत असे. आता तो निर्णय बहुधा आयत्या मांडणीवर सोडून दिला जातो. या स्थित्यंतरात काही हानी झाली असेल तर ती हीच होय.

८

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष अमुक साधन चांगले व तमुक वाईट असा निघत नाही. निघतो तो कसोट्यांच्या रूपाने. निरोप कोणापर्यंत पोचतो. वाटेत तो कोणास वाचता अथवा बदलता येतो. तो नेणाऱ्यास बाहेरून किती कळते. आपल्या लिपीत लिहिण्याचा खर्च कोणावर पडतो. आणि त्याची प्रत लिहिणाऱ्याच्या हाती राहते की नाही. या पाच कसोट्यांवर एकही साधन पूर्णांशाने उतरत नाही. म्हणून जुन्या गृहस्थाने कार्ड, लखोटा व तार यांची जशी कामे वाटून दिली होती तशीच वाटणी करणे शहाणपणाचे ठरते. जाहीर सूचना व गणगोताची खुशाली जेथे सगळे आहेत तेथे असावी. नाजूक बाब बंद लखोट्यात जावी. आणि जे राखावयाचे ते मजकुराच्या साध्या फाइलीत, स्वतःच्या दफ्तरात उतरवून घ्यावे. व्हॉट्सॲपमध्ये एकेक संभाषण असे बाहेर काढण्याची सोय आहे. ती वापरणारे विरळा.

एक गोष्ट मात्र व्यक्तीच्या आवाक्याबाहेरची आहे. मार्ग एकमेकांस जोडले जावेत ही जबाबदारी एकट्या लिहिणाऱ्यावर टाकता येत नाही. ते काम कायद्याचे आहे. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्याने मोठ्या संदेशवाहकांवर इतरांना वाट करून देण्याचे बंधन घातले, आणि व्हॉट्सॲपला त्याप्रमाणे पावले टाकावी लागली. टपालाने जे १८७४ साली साधले त्याचीच ही पुनरुक्ती आहे. भारतात अशी वाट होईल तेव्हाच निवडलेल्या साधनाला खरा अर्थ येईल. तोपर्यंत निवड करणाऱ्याने आपल्या पुढ्यात आयते काय आले आहे आणि ते कोणी मांडले आहे, हे आधी पाहावे. नाशिक रोडला छापलेले कार्ड सर्वांना वाचता येत असे. पण ते उघडे आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. आजच्या लिहिणाऱ्याला निदान तेवढे ठाऊक असणे अवश्य आहे.